हेड घासण्याआधी डोकं चालवा

"किती पीएसआय?"

वाळूत दोन बॅन्शीवाले समोरासमोर आले की रामराम व्हायच्या आधी हा प्रश्न येतो. १३० म्हणणारा जरा खाली बघून बोलतो, १७० म्हणणारा कॉलर ताठ करून. कुणी १८५ म्हणाला की बाकीचे दोन सेकंद गप्प होतात, जणू त्याने आयआयटीचा रँक सांगितला. आणि तो १८५वाला दुपारी ट्रकमागे दोर बांधून परत येतो तेव्हा सगळे म्हणतात, "पेट्रोल खराब असेल रे."

पेट्रोलची काही चूक नसते, मंडळी.

आजचा लेख भांडायचाच आहे, तेव्हा मुद्दा आधीच मांडतो. टू-स्ट्रोक एटीव्हीचं सिलिंडर हेड घासून घेणारे किंवा नवं विकत घेणारे बहुतेक लोक चुकीची गोष्ट मोजतात आणि जी मोजायला हवी ती मोजतच नाहीत. वर त्यांना हेड विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं आणि ते सोयीस्कर गप्प बसतात. ह्या दोन्ही गोष्टींचा मला राग आहे.

ज्यांना बॅन्शी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यामाहा बॅन्शी ३५० ही चार चाकांची एटीव्ही अमेरिकेत १९८७ पासून २००६ पर्यंत विकली गेली. दोन सिलिंडर शेजारी-शेजारी, टू-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं ३४७ सीसीचं इंजिन. मागचा एक्सल सलग, मध्ये चेन. हे इंजिन आलं आरडी३५०एलसी आणि आरझेड३५० ह्या मोटरसायकलींच्या घराण्यातून. आता आपल्याकडच्या लोकांनी कान टवकारावेत. बोअर ६४ मिलीमीटर, स्ट्रोक ५४ मिलीमीटर. ओळखीचं वाटलं? आपल्या फरिदाबादच्या राजदूत ३५० चं मापही अगदी हेच. ती हवेने थंड होणारी, थोरली बहीण म्हणा. त्यामुळे इथे जे लिहितोय ते पुण्या-कोल्हापुरात राजदूत किंवा आरएक्स१०० जपणाऱ्यांनाही बरंचसं लागू आहे (पेट्रोलची एक मोठी भानगड सोडून. ती पुढे येईलच).

तर हेड. फोर-स्ट्रोकचं हेड म्हणजे अख्खा वाडा. व्हॉल्व्ह, कॅम, स्प्रिंगा, गाइड, सील... त्याला हात लावताना माणूस दहादा विचार करतो. टू-स्ट्रोकचं हेड म्हणजे कुकरचं झाकण. सहा-आठ नट सोडले की हातात येतं. आत हलणारा एकही भाग नाही. नुसता एक खळगा आणि मध्ये स्पार्क प्लगचं भोक. म्हणूनच लोकांना वाटतं की यात काय मोठंसं, लेथवाल्याकडे द्यायचं, अर्धा मिलीमीटर घासून आणायचं, झाली पॉवर. मला विचाराल तर अख्ख्या इंजिनात आकाराचं महत्त्व इतकं कुठल्याच भागाला नाही, आणि इतका निष्काळजीपणा दुसऱ्या कुठल्याच भागाच्या वाट्याला येत नाही.

त्या खळग्याकडे नीट बघा. मधला भाग खोल वाटीसारखा असतो आणि भोवती एक पट्टा असतो, जवळजवळ पिस्टनच्या माथ्याच्याच उताराचा. हा पट्टा म्हणजे स्क्विश बँड. पिस्टन अगदी वर येतो तेव्हा पट्टा आणि पिस्टनची कड यांच्यात एक बारीक फट उरते. पिस्टन वर येताना त्या फटीतलं मिश्रण पिचकारीसारखं मध्यभागी, प्लगच्या दिशेने फेकलं जातं. त्याने घुसळण होते, ज्वाला भराभर पसरते. कल्पना जुनीच. हॅरी रिकार्डो नावाच्या इंग्रज इंजिनियरने पहिल्या महायुद्धानंतर साइड-व्हॉल्व्ह इंजिनांच्या हेडमध्ये घुसळणीसाठी असाच उपाय केला होता. नॉकिंगचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकीही तो एक. म्हणजे ही गोष्ट माहीत होऊन शंभर वर्षं झाली. तरी आपण अजून पीएसआय विचारतोय.

आता नॉकिंग म्हणजे नेमकं काय, ते पाहिल्याशिवाय पुढचं भांडण समजणार नाही. प्लगने ठिणगी टाकली की मिश्रण एकदम फुटत नाही. ज्वाला मधून कडेकडे सरकत जाते. ती सरकत असताना कडेला अजून न जळलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं. दाब आणि तापमान एका मर्यादेपलीकडे गेलं की ते ज्वालेची वाट न बघता स्वतःच पेटतं, सगळं एकदम. हेच डेटोनेशन. मोटारीत ते खट्खट् ऐकू येतं. बॅन्शीच्या दोन एक्स्पान्शन पाइपांच्या किंकाळीत कसलं ऐकू येतंय! तुम्हाला ते पिस्टनवर दिसतं. माथ्याची कड सँडब्लास्ट केल्यासारखी खरबरीत होते, प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे बारीक चकाकते कण दिसतात. आणि ते बघायला उशीर झाला तर मग पिस्टनला भोक दिसतं.

स्क्विशच्या पट्ट्याचं दुसरं, जास्त महत्त्वाचं काम इथे आहे. फट पुरेशी बारीक असेल तर कडेला मिश्रण उरतंच थोडं, आणि जे उरतं ते दोन्ही बाजूंच्या थंड धातूला चिकटून असतं, त्यामुळे पेटायला धजत नाही. जरा गणित करू. ६४ मिलीमीटर बोअरचं क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस सेंटिमीटर. पट्टा त्याच्या निम्म्या भागावर आहे असं धरा, म्हणजे १६. फट एक मिलीमीटर असेल तर तिच्यात १.६ सीसी मिश्रण उरतं. फट दोन मिलीमीटर असेल तर ३.२ सीसी. वरची एकूण जागा १६ सीसी धरली (हिशेबाच्या सोयीसाठी) तर पहिल्या वेळी दहा टक्के मिश्रण धोक्याच्या कोपऱ्यात आहे, दुसऱ्या वेळी वीस टक्के. शिवाय दोन मिलीमीटरच्या फटीत ते धातूपासून लांब, मजेत तापत बसतं.

म्हणून "फट जरा सैल ठेवली, सेफ साइडला" हे वाक्य ऐकलं की माझं टाळकं सरकतं. सैल फट सेफ नसते! पिस्टन हेडला आपटणार नाही एवढीच ती सेफ. डेटोनेशनच्या बाबतीत दीड-दोन मिलीमीटरची फट हे दोन्हीकडून नुकसान आहे. घुसळण नाही आणि थंडावाही नाही. कंपन्या मोठ्या प्रमाणावर माल बनवतात, प्रत्येक सिलिंडरची उंची केसभर वेगळी येते, म्हणून त्या फट मोठी ठेवतात आणि कॉम्प्रेशन कमी ठेवून तोल सांभाळतात. तो त्यांचा हिशेब आहे आणि तो त्यांच्या जागी बरोबर आहे. तुम्ही कॉम्प्रेशन वाढवलंत आणि फट मात्र कंपनीची ठेवलीत, तर तोल गेला.

आता लेथवाल्याकडे जाऊ. "अर्धा मिलीमीटर घासा" म्हणून सांगितलं की दोन गोष्टी एकाच वेळी होतात. जागा १.६ सीसीने कमी होते आणि फट अर्धा मिलीमीटरने कमी होते. कॉम्प्रेशनचा हिशेब असा. जपानी कंपन्या टू-स्ट्रोकचं कॉम्प्रेशन एक्झॉस्ट पोर्ट बंद झाल्यापासून मोजतात, त्याआधी पिस्टन वर येतो तो फुकटच. बॅन्शीचा कंपनीचा आकडा साडेसहाला एक. पोर्टच्या वर उरलेला स्ट्रोक २७ मिलीमीटर, म्हणजे ८७ सीसी धरा आणि वरची जागा १६. बेरीज १०३, भागिले १६, आलं सुमारे ६.४. अर्धा मिलीमीटर घासल्यावर ७.०. पूर्ण मिलीमीटर घासल्यावर ७.८. छानच वाढलं की! पण मूळ फट १.६ असेल तर ती आता ०.६ राहिली. इंजिन हातात धरून फिरवताना ०.६ राहील हो, पण नऊ हजार आरपीएमला कनेक्टिंग रॉड ताणला जातो, बेअरिंगांची मोकळीक बाहेर येते, पिस्टन डुलतो. मग पिस्टन हेडला मुका घेऊ लागतो.

त्यातही एक खोच आहे. पट्टा उतरता असतो. हेडचा तळ सपाट घासत गेलात की त्या उताराचा बाहेरचा तुकडाच कापला जातो आणि पट्टा बोअरपेक्षा लहान होऊन बसतो. कडेला सपाट कंगोरा उरतो. पिस्टनचा उतार एक, हेडचा दुसरा. म्हणजे घासणं आणि कोरणं ही दोन वेगळी कामं आहेत. आधी फट ठरवून घासायचं, मग पट्टा पुन्हा कापायचा, आणि शेवटी मधली वाटी कोरून हवी तेवढी जागा परत मिळवायची. फट आधी, कॉम्प्रेशन नंतर. हा क्रम ज्या लेथवाल्याला समजावून सांगता येत नाही त्याच्याकडे हेड देऊ नये, आणि ज्याला तो आधीच माहीत आहे त्याला तो मागेल ते पैसे द्यावेत.

आता येतो त्या पीएसआय नावाच्या दैवताकडे. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हा रोग चांगलाच माहितीचा आहे. मॅनेजरने "किती ओळी कोड लिहिला?" विचारायला सुरुवात केली की लोक ओळी लिहायला लागतात, प्रोग्रॅम लिहायचं सोडून. मोजायला सोपी गोष्ट आणि मोजायला हवी ती गोष्ट ह्या क्वचितच एक असतात. कॉम्प्रेशन गेजचंही तसंच.

गेज मुळात रिंगा झिजल्यात का, दोन्ही सिलिंडर सारखे आहेत का, हे बघायला बनवलेलं. आजचा आकडा आणि सहा महिन्यांनंतरचा आकडा, त्याच गेजने, त्याच गाडीवर. तेवढ्या कामाला ते उत्तम. पण माझं गेज आणि तुमचं गेज? गेजच्या नळीतला एकतर्फी व्हॉल्व्ह प्लगच्या टोकाला नसून घड्याळाच्या टोकाला असेल, तर नळीतली हवाही कॉम्प्रेशनच्या जागेत धरली जाते. नळीत ३ सीसी जागा असेल तर वरच्या हिशेबात १६ च्या जागी १९ येतात आणि ६.४ चे ५.६ होतात. मोटारीच्या मोठ्या सिलिंडरला हा फरक किरकोळ. आपल्याला नाही. थ्रॉटल पूर्ण उघडा होता का? किक किती जोरात मारली? अशाने आकडा कितीही हलतो.

बरं, गेज एकदम नंबरी आहे असं धरू. तुम्ही कुठे आहात? ग्लॅमिस, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या इंपीरियल सँड ड्यून्सचा भाग, सान डिएगोहून गाडीने अडीचेक तास, जवळजवळ समुद्रसपाटीलाच म्हणायला हरकत नाही. आयडाहोतल्या सेंट अँथनीच्या वाळूच्या टेकड्या १५०० मीटरवर. तिथे हवेचा दाब पंधरा-सोळा टक्के कमी. म्हणजे तेच इंजिन, तेच हेड, ग्लॅमिसला १४० दाखवतं ते सेंट अँथनीला १२० च्या आसपास दाखवेल. आता आयडाहोवाल्याने "मी १६० वर चालवतो, पंपाच्या पेट्रोलवर, काही होत नाही" असं सांगितलं, आणि ते ऐकून ग्लॅमिसवाल्याने तेच डोम मागवले, तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि ह्या सगळ्यावर कडी म्हणजे पोर्टिंग. एक्झॉस्ट पोर्ट दोन मिलीमीटर वर नेला की वर उरलेला स्ट्रोक कमी होतो. वरच्या हिशेबात ८७ चे ८०.६ सीसी झाले, ६.४ चं ६.० झालं. गेजवर आकडा पडला! लगेच मालकाचा जीव खालीवर, अजून घासा, आकडा परत आणा. अहो, पण पोर्ट वर नेलाय तो जास्त आरपीएमसाठी. त्या आरपीएमला एक्स्पान्शन पाइपची परत येणारी लाट बाहेर निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. किक मारताना, शे-दोनशे आरपीएमला, ही लाट नसतेच. म्हणजे गेज जे मोजतं आणि पूर्ण थ्रॉटलला सिलिंडरमध्ये जे होतं ह्यांचा एकमेकांशी संबंध प्रत्येक इंजिनात वेगळा. स्टॉक पोर्टचं १५० आणि पोर्ट केलेल्या इंजिनाचं १५० हे दोन वेगळे प्राणी आहेत. दुसऱ्याची जागा बरीच लहान आहे आणि त्यात कोंबलं जाणारं मिश्रण बरंच जास्त. तोच आकडा, पण दुसरं इंजिन भोकाच्या कितीतरी जवळ. मग "किती पीएसआय" ह्या प्रश्नाचं उत्तर ऐकून तुम्ही करणार काय, हे मला कुणीतरी सांगा.

आता नवी हेडं. बॅन्शीचं मूळ हेड एकच ओतीव तुकडा, दोन्ही सिलिंडरांवर मिळून. बाजारात मिळतात ती दोन भागांची. बाहेरचं कवच आणि आत बसणारे सुटे डोम. धातूच्या गास्केटऐवजी ओ-रिंगा. मी त्यांच्या विरुद्ध नाही, हे नीट वाचा. सुटे डोम ही खरोखर चांगली सोय आहे. समुद्रसपाटीला एक जोडी, डोंगरावर दुसरी, काम तासाभराचं. वारंवार इंजिन उघडणाऱ्याला ओ-रिंग गास्केटपेक्षा परवडते (मात्र सिलिंडरचा माथा सपाट आणि स्वच्छ हवा, नाहीतर रेडिएटरच्या बाटलीत बुडबुडे बघत बसा). पाण्याला जागाही जास्त मिळते. पण हे फायदे सोडून ही हेडं विकली जातात ती कशावर? रंगावर. निळं, लाल, काळं ॲनोडायझिंग. आणि डोमवरच्या एका आकड्यावर: २१, २०, १९, १८ सीसी. लहान आकडा म्हणजे जास्त मर्द.

तो आकडा फट किती येईल हे सांगत नाही. फट तुमच्या सिलिंडरच्या उंचीवर, खालच्या गास्केटवर, पूर्वीच्या मालकाने सिलिंडरचा माथा घासला होता का यावर अवलंबून. स्ट्रोकर क्रँक असेल तर सगळंच वेगळं. वाटी लहान, पण फट तशीच दीड मिलीमीटर, असा डोम बसला तर काय होतं? कॉम्प्रेशन जास्त आणि कडेला भरपूर तापणारं मिश्रण. डेटोनेशनला याहून चांगलं आमंत्रण छापूनसुद्धा मिळणार नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राने एका दुकानातून (नाव घेत नाही) फोनवर हेड मागवलं. दुकानदाराने त्याला दोन प्रश्न विचारले: रंग कुठला, आणि क्रेडिट कार्डाचा नंबर काय. पोर्टिंग आहे का, कुठे चालवतोस, पेट्रोल कुठलं, सध्याची फट किती, टायमिंग हलवलंय का, यातलं काही नाही. पहिल्याच मोसमात डाव्या पिस्टनची कड गेली. परत फोन केला तर म्हणे, जेटिंग लीन असेल. जेटिंग नेहमीच लीन असतं, कारण ते सिद्ध करता येत नाही.

टायमिंगवरून आठवलं. हेडसोबत बहुतेक लोक "प्लस फोर"ची प्लेटही घेतात. ठिणगी चार अंश आधी. आता विचार करा. घट्ट फट आणि जास्त कॉम्प्रेशन, दोन्हीमुळे मिश्रण आधीपेक्षा भरभर जळतं. भरभर जळणाऱ्याला ठिणगी आधी द्यायची गरज कमी होते, वाढत नाही. म्हणजे ह्या दोन वस्तू एकाच इंजिनाला एकाच दिवशी लावणं म्हणजे ॲसिडिटीवर मिसळ आणि वर तर्रीची वाटी. एक गोष्ट बदला, चालवून बघा, प्लग वाचा, मग दुसरी. डीबगिंगमध्ये दोन व्हेरिएबल एकदम बदलणाऱ्या ज्युनियरला आपण ओरडतो, आणि शनिवारी गॅरेजमध्ये तेच करतो.

अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही. कॉम्प्रेशन वाढवलं की धुराचं तापमान उतरतं, कारण उष्णतेतला जास्त वाटा पिस्टन ढकलण्यात खर्च होतो. धूर थंड झाला की पाइपमधली लाट हळू चालते आणि पाइप आधीपेक्षा कमी आरपीएमला सूर धरतो. जंगलवाटेने फिरणाऱ्याला हे आवडेल, खालून जोर येतो. पण वाळूच्या चढावर शर्यत लावणाऱ्याला शेवटचे पाचशे-हजार आरपीएम हवे असतात, तेच बसतात. तो म्हणतो पॉवर कमी वाटतेय, अजून घासतो. धन्य!

पेट्रोलची भानगड आता सांगतो, कारण आपल्याकडचे काही राजदूतवाले अमेरिकन कोष्टकं बघून हेड बनवतात. अमेरिकेत पंपावर जो आकडा लिहिलेला असतो तो रॉन आणि मॉन यांची सरासरी. भारतात लिहितात तो नुसता रॉन. कॅलिफोर्नियातलं प्रीमियम ९१ हे आपल्या हिशेबाने साधारण ९५-९६. भारतीय मोजणीतलं ९१ हे ९१च. तेव्हा "अमुक डोम, ९१ ऑक्टेन चालतं" असं वाचून भारतीय मोजणीतल्या ९१ वर ते चालवाल तर चार-पाच ऑक्टेनने फसाल. आणि राजदूत हवेने थंड होते, मे महिन्यात, सिग्नलला उभी. तिथे तर बॅन्शीचे आकडे घेऊच नका.

आता नेहमीचा आक्षेप: "माझा मित्र पाच वर्षं १८० वर चालवतो, काही झालं नाही." असेल. तो कदाचित शिसं घातलेलं रेस फ्युएल टाकत असेल. कदाचित त्याची फट कुणीतरी जाणत्या माणसाने लावून दिली असेल आणि त्याला स्वतःलाच ते माहीत नसेल. कदाचित तो तीनशे फुटांची ड्रॅग मारून थांबत असेल. दहा सेकंद पूर्ण थ्रॉटल आणि वाळूचा लांबलचक चढ चौथ्या-पाचव्या गिअरला ओढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. डेटोनेशन उष्णता साठवत जातं. वाळू टायरला क्षणभर सोडत नाही, इंजिनाला श्वास घ्यायला फुरसत नसते.

आणि हे फक्त पैशाचं नाही. पिस्टन सीझ झाला की ह्या गाडीत मागची दोन्ही चाकं एकदम जाम होतात, एक्सल सलग आहे म्हणून सांगितलं ना. टेकडीच्या माथ्याजवळ, पलीकडून कोण येतंय दिसत नसताना, ताशी ऐंशी किलोमीटरने. दोन बोटं क्लचवर ठेवून चालवणारे वाचतात, तेही दरवेळी नाही. थँक्सगिव्हिंगच्या गर्दीत ग्लॅमिसला तुमच्या मागोमाग कुणाचं तरी पोरगं छोट्या क्वाडवर येत असतं. एका आकड्याच्या फुशारकीपायी हे ओढवून घ्यायचं?

आणि गाडी अमेरिकेत २००६ नंतर विकली गेलेली नाही. सुटे भाग बनवणारे आहेत अजून, सिलिंडरसुद्धा बाहेरच्या कंपन्या बनवतात, पण जुन्या मूळ सिलिंडरच्या ओतीव लोखंडी स्लीव्हला किती वेळा बोअर करणार? प्रत्येक सीझ म्हणजे एक ओव्हरसाइज खर्ची पडला.

करायचं काय ते सांगतो, आणि यात एका चांगल्या जेवणाएवढाही खर्च नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून सोल्डरची मऊ वायर आणा, दोन मिलीमीटरच्या आसपास जाडीची. प्लग काढा. वायर प्लगच्या भोकातून आत घाला, सिलिंडरच्या भिंतीला टेकेपर्यंत, पिस्टन पिन ज्या दिशेला आडवी आहे त्याच दिशेला. पुढे-मागे नको, पिस्टन त्या दिशेला डुलतो आणि माप खोटं येतं. क्रँक हळूच वरच्या टोकापलीकडे फिरवा. वायर बाहेर काढा. चपटं झालेलं टोक व्हर्नियरने मोजा. दोन्ही बाजूंना, दोन्ही सिलिंडरांत, म्हणजे चार मापं. वायर चपटीच झाली नाही तर फट वायरपेक्षा मोठी आहे, जाड वायर आणा. सिलिंडरमागे पावणेदोनशे सीसीच्या ह्या इंजिनाला साधारण एक मिलीमीटर, स्टॉक स्ट्रोकला त्याच्या किंचित वर, हे बसायचं ठिकाण. त्याखाली जायचं असेल तर क्रँक नवा हवा आणि तुमचा हात पक्का हवा. चारही मापं कागदावर लिहून हेडसोबत लेथवाल्याला द्या, आणि दुकानदाराला फोन लावाल तर रंगाच्या आधी ती वाचून दाखवा. तो "याची काही गरज नाही" म्हणाला तर फोन ठेवा.

नवं हेड बसल्यावर पुन्हा तीच वायर, तीच चार मापं. डावं-उजवं सारखं नाही आलं तर एक डोम बदलून चालणार नाही, आधी सिलिंडरांचे माथे बघा. प्लग एनजीकेचा बी८ईएस होता तर आता एक नंबर थंड, म्हणजे ९ चा, हाताशी ठेवा. पहिला तास टेकडी चढू नका. मग प्लग काढून भिंगाने त्या पांढऱ्या चिनीमातीकडे बघा.

पुढच्या शनिवारी जेटिंग. त्या दुकानदाराची आठवण ठेवून लिहिणार आहे.